फॅटी लिव्हर आणि फ्रुक्टोज: गोळीची वाट पाहायची की द्राक्षं बंद करायची?

ताई, वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ राहावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मिस्टर ४१ वर्षांचे, सातपूरला कंपनीत शिफ्टची नोकरी, दारू अजिबात नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीवर ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’ आलं. वजन ७४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, कंबर ९६. एसजीपीटी ७८, एसजीओटी ४६ (ही दोन्ही लिव्हरच्या तपासणीतली एन्झाइम), प्लेटलेट २ लाख १० हजार, ट्रायग्लिसराइड २३८, युरिक ॲसिड ७.४, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी) ६.१. तुम्ही कुठेतरी वाचलंत की लिव्हरमध्ये चरबी साठण्याच्या मुळाशी फ्रुक्टोज असतं आणि त्याचं काम लिव्हरमध्येच अडवणारं औषध निघालं आहे. ते नाशिकमध्ये मिळेल का, हा तुमचा पहिला प्रश्न. दरम्यान तुम्ही घरातली साखर बंद करून गूळ आणि मध आणलात. पिंपळगावला दिरांची द्राक्षबाग असूनही द्राक्षांना हात लावू देत नाही. आणि शेवटी मुलाबद्दल विचारलं आहे, तो १२ वर्षांचा आहे आणि अंगाने सुटतो आहे.

मी फिजिशियन आहे. नाशिकमध्येच प्रॅक्टिस करतो आणि रोजच्या ओपीडीत फॅटी लिव्हरचे पेशंट भरपूर असतात. पेशंट प्रत्यक्ष न बघता औषध लिहून देणार नाही, पण विचार कसा करायचा ते सविस्तर सांगतो.

फ्रुक्टोजकडे वळण्याआधी एक गोष्ट बघायला हवी. ‘ग्रेड टू’ या शब्दाने घरोघरी घबराट होते, पण सोनोग्राफीचा ग्रेड फक्त चरबी किती दिसते ते सांगतो. पेशंटचं पुढे काय होणार हे ठरतं ते लिव्हरमध्ये फायब्रोसिस, म्हणजे कायमचे व्रण पडायला लागले आहेत का, यावर. ग्रेड वन असून फायब्रोसिस पुढे गेलेला पेशंट मी पाहिला आहे आणि ग्रेड थ्री असून लिव्हर मऊ असलेलेही पाहिले आहेत. यासाठी एक बिनखर्चाचा हिशेब आहे, त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने भागायचं. तुमच्या आकड्यांवरून तो साधारण १.०२ येतो. १.३ च्या खाली असेल तर सध्या मोठा फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. ही दिलासा देणारी गोष्ट आहे. तरीही कंबर ९६, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि ट्रायग्लिसराइड वाढलेलं, म्हणून एकदा फायब्रोस्कॅन करून घ्या असं मी म्हणेन. त्यात दोन आकडे येतात: एक चरबीचा आणि दुसरा कडकपणाचा, किलोपास्कलमध्ये. कडकपणा ८ च्या खाली असेल तर पुढचं सगळं बहुतेक खाण्यापिण्यावर आणि वजनावर सांभाळता येतं. ८ च्या वर असेल तर लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि तिथे या उत्तरातला बराच भाग बदलतो.

आता फ्रुक्टोज. तुम्ही वाचलेलं मुळात बरोबर आहे, फक्त अर्धं आहे.

साखरेचा प्रत्येक रेणू म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज जोडलेले. आतड्यात ते सुटे होतात. ग्लुकोज सगळ्या शरीराला लागतं: स्नायू, मेंदू, रक्तातल्या पेशी सगळेच ते वापरतात. फ्रुक्टोजचा मात्र मोठा वाटा पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्याकडून लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून, थेट लिव्हरलाच जातो. तिथे ग्लुकोजवर एक नियंत्रण असतं, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाच्या एन्झाइमचं. पेशीत ऊर्जा पुरेशी असली की हे एन्झाइम मंदावतं आणि पुढची प्रक्रिया थांबते. पिंपळगावचा टोलनाका डोळ्यासमोर आणा. गर्दी झाली की तिथे गाड्या अडतात. फ्रुक्टोज हा नाका चुकवून आडवाटेने पलीकडे निघतं. केटोहेक्सोकायनेज, थोडक्यात केएचके, नावाचं एन्झाइम त्याला झटक्यात पकडतं, त्याचं फ्रुक्टोज-१-फॉस्फेट करतं आणि पुढे अल्डोलेज-बी त्याचे तुकडे करतं. पेशीत ऊर्जा शिल्लक आहे की नाही हे केएचके बघतच नाही. जेवढं फ्रुक्टोज येईल तेवढं ते आत घेत राहतं.

याचे तीन परिणाम होतात आणि तिघांचीही खूण तुमच्या रिपोर्टमध्ये आहे. एक, आलेल्या मालाची चरबी बनते आणि चरबी बनवणारी यंत्रणा चालू करणारे संदेशही वाढतात. लिव्हर ही चरबी रक्तात पाठवतं, म्हणून ट्रायग्लिसराइड २३८. दोन, चरबी बनत असताना तयार होणारा मॅलोनिल-कोए नावाचा पदार्थ जुनी चरबी जाळण्याचं काम रोखतो. म्हणजे आवक वाढते आणि जावक थांबते. तीन, केएचके इतक्या वेगाने काम करतं की पेशीतलं एटीपी, म्हणजे तिचा ऊर्जेचा साठा, खर्ची पडतं आणि त्याच्या अवशेषांपासून युरिक ॲसिड बनतं. मिस्टरांचं ७.४ आहे. युरिक ॲसिड वाढायला मांसाहारापासून किडनीपर्यंत अनेक कारणं असतात. पण फॅटी लिव्हर, ट्रायग्लिसराइड आणि युरिक ॲसिड तिन्ही एकत्र वाढलेली दिसली की मी पेशंटला पहिला प्रश्न विचारतो, ‘दिवसभरात गोड काय काय पिता?’ ‘खाता’ नव्हे, ‘पिता’. कारण पुढे सांगतो.

हे केवळ उंदरांवरचं शास्त्र नाही. झुरिचमध्ये निरोगी पुरुषांना रोज ८० ग्रॅम फ्रुक्टोज किंवा साखर घातलेलं पेय ७ आठवडे दिलं, तेव्हा त्यांच्या लिव्हरमध्ये चरबी बनण्याचा वेग दुप्पट झाला. तेवढंच ग्लुकोज पिणाऱ्यांमध्ये असं झालं नाही. २०२१ साली ते प्रसिद्ध झालं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने लठ्ठ मुलांच्या आहारातली साखर काढून तेवढ्याच कॅलरीचा स्टार्च दिला, वजन मुद्दाम कमी होऊ दिलं नाही, आणि ९ दिवसांत लिव्हरमधल्या चरबीचा मध्यक ७.२ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आला. नऊ दिवसांत! माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना हा अभ्यास सांगितला की पहिल्यांदा थोडी उमेद वाटते.

मग केएचके अडवलं तर? कल्पना अगदी सरळ आहे, आणि निसर्गाने तिची चाचणी आधीच करून ठेवली आहे. काही माणसांमध्ये जन्मतःच केएचके काम करत नाही. त्यांच्या लघवीत फ्रुक्टोज जातं, बाकी काही त्रास होत नाही, आयुष्यभर ठणठणीत राहतात. या अवस्थेचं वर्णन १८७६ पासून आहे. एखादं एन्झाइम बंद असूनही माणूस निरोगी राहतो म्हटल्यावर औषध शोधणाऱ्यांचं लक्ष तिकडे जाणारच. फायझर या औषध कंपनीने केएचके रोखणारी गोळी बनवली आणि माणसांत तपासली. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणारे, फॅटी लिव्हर असलेले मधुमेही पेशंट घेऊन १६ आठवड्यांची चाचणी झाली. ३०० मिलिग्रॅमच्या गटात लिव्हरमधली चरबी मूळच्या सुमारे १९ टक्क्यांनी घटली, औषध नसलेल्या खोट्या गोळीवर सुमारे ५ टक्क्यांनी. एचबीए१सी मात्र म्हणावा तसा हलला नाही. त्यापुढचा मोठा टप्पा गाठण्याआधीच कंपनीने हे काम थांबवलं.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, अशी गोळी नाशिकमध्ये नाही, मुंबईत नाही आणि अमेरिकेतही विक्रीला नाही. ‘फ्रुक्टोज ब्लॉकर’ या नावाने इंटरनेटवर काही विकत असतील तर पैसे घालवू नका.

इथे एक सावधगिरीची सूचना, कारण दोन गोष्टींची गल्लत होते. केएचके नसणं निरुपद्रवी, पण त्याच्या पुढचं अल्डोलेज-बी जन्मतः नसणं धोकादायक. अशा बाळांना वरचं अन्न, फळांचा रस किंवा साखर सुरू केली की उलट्या होतात, रक्तातली साखर पडते, लिव्हर आणि किडनीला इजा होते. त्यांच्यासाठी फ्रुक्टोज पूर्ण बंद हाच उपचार. कुणाचं बाळ गोड दिलं की दर वेळी असं करत असेल तर त्यांनी घरगुती प्रयोग न करता बालरोगतज्ज्ञांकडे जावं.

गोळीचा परिणाम १९ टक्क्यांवर का अडला असावा, हे समजून घेणं तुमच्या मिस्टरांसाठी गोळीपेक्षाही जास्त उपयोगाचं आहे. फॅटी लिव्हर असलेल्या माणसांमध्ये लिव्हरमधली चरबी कुठून येते, हे खुणा लावलेल्या रेणूंनी मोजलं गेलं आहे. २००५ च्या त्या अभ्यासात जवळपास ५९ टक्के चरबी शरीरातल्या साठ्यातून, म्हणजे मुख्यतः पोटाच्या घेरातून सुटून आलेली होती. २६ टक्के लिव्हरने स्वतः साखर-पिष्टापासून बनवलेली आणि १५ टक्के थेट जेवणातल्या तेला-तुपातून आलेली. फ्रुक्टोजचा हात मुख्यतः त्या २६ टक्क्यांवर. तो मार्ग पूर्ण बंद केला तरी पोटाकडून येणारी चरबी चालूच राहते. म्हणून साखर सोडली पण कंबर ९६ च राहिली, तर फायदा अर्धवट मिळतो.

आणखी एक गोष्ट आहे. लिव्हर ग्लुकोजपासून स्वतःही फ्रुक्टोज बनवू शकतं. ग्लुकोजचं सॉर्बिटॉल, सॉर्बिटॉलचं फ्रुक्टोज असा मार्ग शरीरात आहे आणि रक्तातली साखर वारंवार उसळली की तो जास्त चालतो. साखर बंद करून त्या जागी ब्रेड, टोस्ट, खारी, बिस्किटं आणि दोन वाट्या जास्तीचा भात आला, तर फ्रुक्टोज मागच्या दाराने पुन्हा आलंच. मधुमेह्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या ‘शुगर-फ्री’ मिठाईत सॉर्बिटॉल असेल तर त्यातलं जे शोषलं जातं त्याचंही लिव्हरमध्ये फ्रुक्टोजच होतं.

गूळ आणि मधाबद्दल तुम्हाला वाईट वाटेल, पण स्पष्ट सांगतो. गुळाचा बहुतांश भाग साखरच आहे, वर थोडी खनिजं. मधात शंभर ग्रॅमला ३८ ते ४० ग्रॅम फ्रुक्टोज असतं. लिव्हरला तिन्ही सारखेच. साखरेऐवजी गुळाचा चहा सुरू केला की बहुतेक घरांत ‘हा चालतो’ म्हणून कप वाढतात. तुमच्याकडेही तसं झालं आहे का ते एकदा बघा. ‘फ्रूट शुगर’ किंवा अगेव्ह या वनस्पतीचं सिरप हे तर त्याहून फसवं. त्याने ग्लुकोमीटरवर आकडा फारसा वाढत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. ग्लुकोमीटर ग्लुकोज मोजतो. फ्रुक्टोज त्याला दिसतच नाही.

आता ‘पिता’ या शब्दाकडे येतो, कारण माझ्या अनुभवात नाशिकचं फॅटी लिव्हर ताटापेक्षा पेल्यातून जास्त येतं. फ्रुक्टोज थोडं आणि सावकाश आलं तर लहान आतडंच त्यातलं बरंचसं संपवतं आणि लिव्हरपर्यंत कमी पोहोचतं. एकदम मोठा घोट आला की आतड्याची क्षमता संपते आणि उरलेलं सगळं लिव्हरवर पडतं. हे उंदरांमध्ये नीट दाखवलं गेलं आहे आणि माणसांच्या अभ्यासात पेयांचा जो वाईट परिणाम दिसतो त्याच्याशी ते जुळतं. म्हणून तीच साखर चावून, जेवणाबरोबर, चोथ्यासकट खाणं आणि दोन मिनिटांत पिऊन टाकणं, यात लिव्हरसाठी खूप फरक आहे.

कंपनीतल्या माणसाचा दिवस मी कागदावर लिहून घेतो. पेशंट म्हणतो, ‘डॉक्टर, मी गोड खातच नाही.’ मग आम्ही सकाळपासून सुरू करतो. उठल्यावर एक चहा, निघताना एक, कँटीनमध्ये दोन, दुपारनंतर एक, घरी आल्यावर एक. कँटीनचा चहा आधीच गोड केलेला येतो, त्यात साखर किती हे विचारायची सोयच नसते. कपाला दोन चमचे म्हणजे ८ ते १० ग्रॅम धरले तरी सहा चहांचे ५० ग्रॅम सहज होतात. उन्हाळ्यात शिफ्ट सुटल्यावर रसवंतीवर थांबणं होतंच. घुंगरांचा आवाज आला की गाडी आपोआप बाजूला लागते. उसाच्या एका मोठ्या ग्लासात ३० ते ४० ग्रॅम साखर असते. रविवारी मिसळीबरोबर जिलेबी, नाइट शिफ्टला जाग राहावी म्हणून कोल्ड्रिंकची ६०० मिलीची बाटली, त्यात साठेक ग्रॅम. ‘गोड खातच नाही’ म्हणणाऱ्या माणसाची एखाद्या दिवसाची बेरीज शंभराच्या पुढे जाते, आणि ती कागदावर बघून त्यालाच धक्का बसतो. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत, शक्य तर ५ टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते. दोन हजार कॅलरीच्या माणसाला ते ५० आणि २५ ग्रॅम होतात. फॅटी लिव्हर असेल तर मी २५ चं लक्ष्य देतो. रस आणि मधातली साखरही याच हिशेबात धरायची.

तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत मी पहिल्या आठवड्यात फक्त पेयं हलवेन. कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस, ऊसरस, एनर्जी ड्रिंक पूर्ण बंद. ज्यूसच्या खोक्यावर ‘साखर घातलेली नाही’ असं पुढे मोठ्या अक्षरात असतं. खोकं उलटं करून मागच्या तक्त्यात एकूण साखरेचा आकडा बघा, तो बहुतेकदा कोल्ड्रिंकच्याच आसपास निघतो. चहाची साखर एका दिवसात तोडू नका, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. महिन्याभरात जीभ सरावते. कँटीनमध्ये बिनसाखरेची ब्लॅक कॉफी मिळत असेल तर उत्तम. कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हरचा फायब्रोसिस कमी आढळतो हे अनेक देशांच्या अभ्यासांत दिसलं आहे. नाइट शिफ्ट असलेल्यांनी ती शिफ्टच्या पहिल्या भागातच घ्यावी, नाहीतर सकाळी झोप लागत नाही आणि झोप बिघडली की भूक आणि साखर दोन्ही बिघडतात.

आता द्राक्षं. पिंपळगावच्या घरात फेब्रुवारी-मार्चला द्राक्षं बंद ठेवणं म्हणजे रोजचं भांडण, आणि त्याची गरज नाही. तुमच्या दिरांकडे ब्रिक्स मीटर असेलच. काढणीच्या वेळी तो १८ दाखवतो, म्हणजे शंभर ग्रॅम रसात जवळपास १८ ग्रॅम विरघळलेले पदार्थ, त्यातली बहुतेक साखर आणि त्या साखरेतला साधारण अर्धा फ्रुक्टोज. वीसेक मणी म्हणजे शंभर ग्रॅम, त्यात फ्रुक्टोज ८ ग्रॅमच्या आसपास. जेवणानंतर एक वाटी, सावकाश चावून खाल्ली तर लिव्हर आणि आतडं ते आरामात सांभाळतं. अडचण होते ती बागेत. घडाघडातून मणी तोडून चव बघत बघत अर्धा किलो कधी पोटात जातो ते कळत नाही, आणि तेवढ्यात ४० ग्रॅम फ्रुक्टोज होतं. म्हणून नियम साधा ठेवा: वाटीत घेऊन, दिवसातून एकदा, शंभर-सव्वाशे ग्रॅम. बागेत गेल्यावर उभ्याने खाणं नाही. द्राक्षाचा रस काढून पिणं नाही. बेदाण्यांचं मात्र वेगळं आहे. पाणी निघून गेल्यामुळे शंभर ग्रॅम बेदाण्यात साठ-पासष्ट ग्रॅम साखर उरते आणि मूठभर बेदाणे सहज तोंडात जातात. ते दहा-बारा दाण्यांवर ठेवा. पेरू, पपई, संत्रं ही फळं एकेक वेळी चालतील. आंब्याच्या दिवसांत रस न करता फोडी खा आणि त्या जेवणातली एक पोळी कमी करा. हे प्रमाण सध्याच्या एचबीए१सी ६.१ साठी आहे. उद्या मधुमेह ठरला किंवा साखर वाढली तर फळांचा हिशेब पुन्हा बसवावा लागेल.

नाशिकमध्ये हमखास विचारला जाणारा एक उपप्रश्न: वाइन द्राक्षाचीच, मग थोडी चालेल का? मिस्टर घेत नाहीत, तसंच राहू द्या. कोरड्या (ड्राय) वाइनमध्ये साखर जवळपास संपलेली असते हे खरं, पण ती जिच्यात बदललेली असते ती अल्कोहोल लिव्हरला वेगळी इजा करते. चरबी साठलेल्या लिव्हरवर दोन्ही ओझी एकत्र टाकायची नाहीत.

इथवरचं सगळं त्या २६ टक्क्यांबद्दल झालं. ५९ टक्क्यांसाठी कंबर कमी करण्याला पर्याय नाही. आपल्या लोकांसाठी बीएमआय २३ पासूनच जास्त धरतात. मिस्टरांचा २६ च्या थोडा वर आहे आणि पुरुषांसाठी कंबर ९० च्या आत हवी. वजन ७ टक्के उतरलं तर लिव्हरची सूज बऱ्याच जणांत कमी होते आणि १० टक्के उतरलं तर फायब्रोसिससुद्धा मागे येऊ शकतो. त्यांच्यासाठी ते ५ ते साडेसात किलो. आठवड्याला अर्धा किलो या वेगाने उतरवा. उपाशी राहून महिन्यात आठ-दहा किलो उतरवणारे माझ्याकडे येतात आणि त्यांचं एसजीपीटी कधी कधी वाढलेलं असतं, कारण पोटातली चरबी एकदम सुटून लिव्हरकडेच धावते. चालणं आठवड्याला १५० मिनिटं, दम लागेल इतक्या वेगाने, आणि दोन-तीन दिवस बैठका, दंड किंवा वजनं. व्यायामाने वजन काट्यावर दिसायच्या आधीच लिव्हरमधली चरबी उतरायला लागते, म्हणून पहिल्या महिन्यात काटा हलला नाही तर सोडू नका. जेवणात डाळी, उसळी, अंडी, भाज्या वाढवा, भात-पोळी मोजून घ्या. वनस्पती तूप आणि रोजचं तळण कमी करा. संपृक्त चरबीचा अतिरेकही लिव्हरमधली चरबी वाढवतो, त्यामुळे साखर सोडून सगळं साजूक तुपात, असा प्रकार नको.

सडसडीत माणसालाही फॅटी लिव्हर होतं आणि आपल्याकडे असे पेशंट कमी नाहीत. त्यात आनुवंशिक भाग असतो. त्यांना वजन उतरवण्याचा सल्ला तसाच्या तसा लागू होत नाही. त्यांच्या बाबतीत मी पेयांतली साखर आणि स्नायूंचा व्यायाम यांवर जास्त भर देतो आणि फॅटी लिव्हरची इतर कारणं आवर्जून शोधतो.

औषधांचं आज काय चित्र आहे? २०२० साली भारतात सरोग्लिटाझार या आपल्याकडेच शोधलेल्या औषधाला फॅटी लिव्हरच्या सूज असलेल्या प्रकारासाठी मान्यता मिळाली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेझमेटिरॉम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड यांना मान्यता मिळाली, पण ती मध्यम ते पुढच्या फायब्रोसिससाठी. नुसत्या चरबीसाठी नाही. यातलं कुठलंही औषध फ्रुक्टोज अडवत नाही. सेमाग्लुटाइड भूक आणि वजन उतरवतं, रेझमेटिरॉम लिव्हरमध्ये चरबी जाळण्याचं काम वाढवतं. फिब-४ १.०२ आणि फायब्रोस्कॅन चांगला आला तर मी आज मिस्टरांना यातलं काही सुरू करणार नाही, सहा महिने खाण्यापिण्याला आणि व्यायामाला देईन. फायब्रोसिस निघाला किंवा मधुमेह ठरला तर निर्णय वेगळा होईल, आणि तो त्यांच्या डॉक्टरांनी समोर बसवून घ्यायचा. ‘लिव्हर टॉनिक’च्या बाटल्यांवर माझा भरवसा नाही. कुणी सांगितला म्हणून काढाही सुरू करू नका. काही वनौषधींनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि आधीच ७८ असलेल्या एसजीपीटीवर नेमकं कशाने वाढलं ते मग शोधता येत नाही.

तीन महिन्यांनी एसजीपीटी, ट्रायग्लिसराइड, एचबीए१सी आणि कंबर पुन्हा मोजा. सोनोग्राफीची घाई करू नका. थोडाफार फरक तिच्यात दिसत नाही आणि माणूस विनाकारण खचतो. पेयं बंद केल्याचा परिणाम सगळ्यात आधी ट्रायग्लिसराइडवर दिसतो, बऱ्याचदा पहिल्या दीड-दोन महिन्यांतच.

राहिला मुलगा. या सगळ्यात मला जास्त काळजी त्याची वाटते, आणि सगळ्यात जास्त आशाही त्याच्याबद्दलच आहे. फॅटी लिव्हर असलेल्या ११ ते १६ वर्षांच्या ४० मुलांवर अमेरिकेत एक नीट आखलेली चाचणी झाली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या मुलांच्या आहारातली वरून घातलेली साखर ८ आठवडे जवळपास काढून टाकली. त्यांच्या लिव्हरमधली चरबी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. नेहमीचं खाणाऱ्यांची २१ वरून जेमतेम २० झाली. पण त्यासाठी संशोधकांनी फक्त त्या मुलाच्या ताटात ढवळाढवळ केली नाही. सगळ्या घराचं जेवण बदललं. घरात सगळ्यांसाठी एकच नियम होता. तुमच्याकडेही तसंच करा: बाबांचं पथ्य वेगळं आणि मुलाच्या डब्यात ज्यूस आणि क्रीमची बिस्किटं, असं नको. मुलाची उंची, वजन, कंबर मोजून बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि एकदा एसजीपीटी करून घ्या. लॅबच्या कागदावर ४० पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं, पण या वयाच्या मुलग्यांसाठी २६ च्या वरचा आकडा आला तरी डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. डाएटिंगचा शब्द त्याच्यासमोर काढू नका, वाढीचं वय आहे. घरात कोल्ड्रिंकची बाटली येणं बंद होऊ दे, तहान लागली की पाणी किंवा बिनसाखरेचं ताक, आणि संध्याकाळी तासभर मैदानावर खेळू दे. मिस्टरांचे तीन महिन्यांनंतरचे आकडे आणि फायब्रोस्कॅनचा किलोपास्कलचा आकडा इथे लिहिलात तर पुढचं नक्की सांगेन.